कप ओठाला लावण्याआधी

डेरिक ओल्डरशॉचे हात कोपरापर्यंत कधी एका रंगाचे नसत. सोमवारी निळे, बुधवारी विटकरी, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत राखाडी. थर्लबी गावातल्या मोज्यांच्या कारखान्यात तो रंगखात्यात होता, मी वरच्या मजल्यावर पगारखात्यात. रविवारी दिवसभर नदीच्या पाण्यात बुडून त्याच्या हातांचा खरा रंग दिसे, असं त्याची बायको बेरिल सांगायची. "आमची ओळख रविवारी झाली, म्हणून मी फसले," हे तिचं पुढचं वाक्य ठरलेलं होतं.

रंगखात्याचा मासे धरायचा क्लब होता. धरायचा म्हणजे धरायचाच, मारायचा नाही. ट्रेंट नदीच्या काठाने नंबर घातलेल्या खुंट्या ठोकलेल्या असत. सकाळी प्रत्येकाने पिशवीत हात घालून एक बिल्ला काढायचा, त्यावर जो नंबर असेल त्या खुंटीपाशी आपलं बस्तान मांडायचं. शिट्टी झाली की गळ पाण्यात, पुन्हा शिट्टी झाली की बाहेर. मधल्या वेळात धरलेले मासे लांब नळीसारख्या जाळीत, पाण्यातच, जिवंत ठेवायचे. शेवटी वजन करणारा काटा घेऊन काठाकाठाने येई, जाळी टांगी, आकडा मोठ्याने सांगे, आणि मासे परत नदीत जात. ज्याचं वजन जास्त त्याची शर्यत.

पिशवी आणि शिट्टी माझ्याकडे होती. मी सोलापूरहून या देशात आलेला, शाकाहारी, गळाला हात न लावणारा. हे कळलं त्या दिवशी रंगखात्यातला लॉल स्मेडली कॅन्टीनमध्ये टेबलावर हात आपटून म्हणाला, "हा मासा धरत नाही आणि खातही नाही! याच्याइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या ट्रेंटकाठी मिळायचा नाही. आजपासून हा पंच." तेव्हापासून थर्लबीत मला माझ्या नावाने फार थोड्यांनी हाक मारली.

काटा मात्र डेरिककडे होता. तो स्वतः शर्यतीत बसे, तरी वजन त्यानेच करायचं, आणि त्याचं स्वतःचं वजन दुसऱ्या कुणी तरी सगळ्यांसमोर करायचं. याबद्दल कधी कुणी शंका घेतली नाही. तो काट्याची सुई स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरी. पाऊस असो, वारा असो, पलीकडे बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असो. "एक मासा इकडचा तिकडे झाला तर काय आभाळ कोसळणार आहे?" असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, "मासे तुझे असतील, गड्या. वजन माझं आहे."

वर्षात बऱ्याच शर्यती व्हायच्या, पण ऑगस्ट अखेरची रंगखात्याच्या कपाची शर्यत वेगळी होती. कप म्हणजे एक दोन कानांचा पत्र्याचा पेला, कारखान्यातच ठोकून केलेला. त्याच्या मागे एक रीत होती, आणि ती मी दुसऱ्या कुठल्याही क्लबात पाहिली नाही. संध्याकाळी पबमध्ये कप बिअरने भरून जिंकणाऱ्याच्या हातात द्यायचा. त्याने उभं राहायचं, आणि कप ओठाला लावण्याआधी पुढच्या वर्षीचं पाणी, म्हणजे शर्यतीची जागा, सांगायची. एकदा ओठ लागले की शब्द बदलता येत नाही, आणि त्या शब्दावर कुणी वाद घालायचा नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांनी तिथे जायचं. "चर्चखालचं," "वळणावरचं," "बंधाऱ्याखालचं," असं कुणी म्हणे, आणि मग एकच आरडाओरडा होई, कारण प्रत्येकाला वाटे की याने आपल्या सोयीचं पाणी मागितलं. पण सगळी पाणी एकाच नदीची होती. नदीच्या बाहेर जाता येतं हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या वर्षांत दोन बस भरून माणसं निघत. नदीच्या वरच्या अंगाला वीज केंद्रं होती, त्यांचं गरम पाणी नदीत येई आणि हिवाळ्यातही पाण्यावर वाफ दिसे. रोच नावाचा तळहाताएवढा रुपेरी मासा हजारांनी असायचा. त्याला धरणं म्हणजे कमावलेल्या हाताचं काम. डेरिक गलोलीने आमिषाच्या चिमूटभर अळ्या पाण्यावर उडवायचा, त्यांच्यामागून गळ सोडायचा, आणि प्रवाहात अळी जशी वाहत जाईल तसाच गळ वाहत जाईल इतका हलका हात ठेवायचा. पुन्हा चिमूटभर, पुन्हा गळ. दिवसभर. हे करताना तो कुणाशी बोलत नसे. खुंटी वाईट आली तरी कुरकुर नाही. "पिशवीने दिलं ते घेतलं," एवढंच.

लॉल त्याचा जवळचा मित्र. दोघं एकाच वर्षी कारखान्यात लागले, एकाच गल्लीत राहिले. लॉल बोलका, चेष्टेखोर, नशिबावर हवाला ठेवणारा. एका वर्षी कपाच्या शर्यतीत त्याची खुंटी डेरिकच्या शेजारी आली. मी पहिली शिट्टी फुंकण्याआधी लॉलने मूठभर अळ्या आपल्या पाण्यात टाकल्या. सवयीने असेल, लबाडीने असेल. मूठभरच. नियमाने शिट्टीआधी पाण्यात काहीही टाकायचं नाही. त्या दिवशी लॉलने आयुष्यातले सर्वांत जास्त मासे धरले. डेरिक काटा घेऊन आला, त्याच्या जाळीकडे बघितलं आणि पुढे निघाला.

"अरे, माझं राहिलं," लॉल म्हणाला.

"तुझं नाही करत. शिट्टीआधी अळ्या टाकल्यास."

"एक मूठ! डेरिक, तुझ्याशिवाय कुणी बघितलं पण नाही."

"मी बघितलं ना."

"म्हातारी आई येऊन बसलीय पबमध्ये. तिला सांगितलंय मी, आज कप आणतो म्हणून."

"मासे तुझे आहेत, लॉल. वजन माझं आहे."

लॉलने जाळी उलटी केली आणि आकडा न लागलेले मासे नदीत सोडून दिले. त्यानंतरही दोघं एकत्र बिअर प्यायचे, एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले. पण लॉल त्याला चिडवायचा थांबला. ज्याला रोज चिडवायचं त्याला चिडवणं थांबवलं, म्हणजे काय झालं ते ज्याचं त्याला कळतं.

पुढे कारखाना बंद पडला. मोजे दुसऱ्या देशातून येऊ लागले. मी नगरपालिकेच्या हिशेब विभागात लागलो. डेरिकला शाळेत शिपायाची नोकरी मिळाली, आणि हात कायमचे गोरे झाले. वीज केंद्रंही एकामागून एक बंद झाली. सांडपाण्याची व्यवस्था सुधारली. नदी अशी स्वच्छ झाली की तळाचे गोटे मोजावेत. वर्तमानपत्रात तिचे फोटो आले. आणि माशांच्या झुंडी गेल्या. कुणी म्हणे पाणी थंड झालं, कुणी म्हणे काचेसारख्या पाण्यात मासा लपणार कुठे, कुणी पाणकावळ्यांना शिव्या देई, ते समुद्र सोडून आमच्या नदीवर येऊन बसले होते. ज्या खुंटीवर पूर्वी तीस पौंड मासा निघायचा तिथे माणूस पाच तास बसून रिकामी जाळी उचलू लागला. "घाण होती तेव्हा बरी होती," असं लोक नदीबद्दल उघड बोलू लागले.

त्याच सुमारास हॉलम नावाच्या शेतकऱ्याने आपल्या बीटाच्या शेतात सहा तळी खणली. त्यांत कार्प जातीचे मोठे, भुकेले मासे सोडले, इतके की दुपारी तळ्याचं पाणी उकळी आल्यासारखं हलायचं. गाडी थेट पाण्यापर्यंत जायची. बसायला लाकडी फळ्या, शौचालय, एका खोपटात अंडी आणि बेकनचा पाव. तिकीट काढा आणि बसा. तळ्यांना नावं दिली होती बगळा, खंड्या, पाणमांजर वगैरे; आणि यांतला एकही प्राणी आत येऊ नये म्हणून भोवती विजेची तार लावली होती.

हॉलमने देखरेखीला लॉलला ठेवलं.

पुढच्या कपाच्या शर्यतीत, नदीवर, लॉलला एकच मोठा मासा लागला आणि त्या एकावर तो जिंकला. बाकीच्यांकडे काहीच नव्हतं. त्याचं वजन डेरिकनेच केलं. संध्याकाळी लॉल भरलेला कप घेऊन उभा राहिला. म्हणाला, "हॉलमचं तळं." आणि प्याला.

मग कुणीतरी म्हणालं, "चला, निदान शौचालय तरी आहे!" आणि सगळे हसले. डेरिकने काटा टेबलावर ठेवला. "हा घे," तो लॉलला म्हणाला. "डबक्याचं वजन मी करत नाही."

"तुझी मर्जी," लॉल म्हणाला.

डेरिक पुढची अनेक वर्षं कपाच्या शर्यतीला आला नाही. तळ्यावर जो जिंकायचा तो तळ्यावर सराव केलेला असायचा, आणि तो पुन्हा तळंच मागायचा. नवे सभासद आले ते तळ्यावरच शिकलेले. त्यांना ट्रेंट म्हणजे पुलावरून गाडीतून दिसणारं पाणी. डेरिक एकटाच नदीवर जायचा. परत आला की बेरिल विचारायची, "काय म्हणाली नदी?" तो म्हणायचा, "काही नाही." ती म्हणायची, "माझ्याशीही तू एवढंच बोलतोस."

मग नदीकाठच्या हक्काचा प्रश्न आला. बंधाऱ्याखालचा काठ क्लबने पिढ्यानपिढ्या भाड्याने घेतलेला होता. त्या वर्षीच्या सभेत कुणीतरी म्हणालं, जिथे आपण जात नाही त्याचं भाडं का भरायचं? ठराव असा झाला की येत्या दोन वर्षांत कपाची शर्यत एकदाही नदीवर झाली नाही, तर काठ सोडून द्यायचा. डेरिक मागच्या रांगेत बसला होता. बाहेर पडताना मला म्हणाला, "पंच, यंदा माझं नाव घाल."

"तळ्यावर?"

"तिथे जिंकल्याशिवाय नदी मागता येत नाही. रीतच तशी आहे ना आपली."

तो तेव्हा सत्तरीच्या जवळ आलेला होता. त्या उन्हाळ्यात तो आडवारी, गावातलं कुणी नसेल तेव्हा, हॉलमच्या तळ्यावर जाऊन शिकला. बेरिल माझ्या बायकोला सांगायची, "मला म्हणतो, कुणाला सांगू नकोस. जसा काही दुसऱ्या बाईकडे जातोय!" नदीचं सगळं कसब तिथे निरुपयोगी होतं. तिथे नाजूक हात नको होता. काठापाशी पेंडीच्या गोळ्या फेकायच्या, मासा आला की ओढायचा, पुन्हा फेकायच्या. "डुकरांना चारा घालतात तसं," तो म्हणाला. पण शिकला.

शर्यतीच्या दिवशी तो तळ्यावर आला तेव्हा चाळीस-एक माणसं होती, बहुतेक त्याला न ओळखणारी. शेन प्लमट्री नावाचा फरश्या बसवणारा तरुण त्या काळात सारखा जिंकत होता. त्याने डेरिकची जुनी वेताची पेटी बघितली. "आजोबा, म्युझियममधून आणलीत काय?"

"बसायला पेटी लागते. जिंकायला नाही," डेरिक म्हणाला.

शेनला ते आवडलं. त्याने आपल्या थर्मासातला चहा त्याला दिला.

तळ्यावर स्वतःची जाळी चालत नाही. बाहेरचा रोग आत येतो म्हणून तळ्याचीच जाळी घ्यावी लागते, आणि प्रत्येकाला दोन मिळतात. कारण एका जाळीत साठ पौंडांच्या वर मासा गेला तर ते एकमेकांखाली चिरडतात. नियम साधा: साठपर्यंत एक जाळी, मग दुसरी. वर गेली तर ती जाळी बाद, शून्य. लॉलने सकाळी सगळ्यांना तो वाचून दाखवला. डेरिकनेही ऐकला. मान हलवली.

पिशवीतून त्याला पाणमांजर तळ्याचा कोपरा आला. वारा त्याच कोपऱ्याकडे वाहत होता, आणि मासे वाऱ्यामागे गेले. मी दिवसभर फिरत होतो. दर फेरीला त्याची काठी वाकलेली. तो कुणाशी बोलत नव्हता. फेकत होता, ओढत होता, जाळीत टाकत होता. नदीवर ज्या संथपणाने चिमूटभर अळ्या टाकायचा त्याच संथपणाने. माझ्या मनात आलं की पाणी कुठलंही असो, हा माणूस तोच आहे. आणि मला बरं वाटलं. दुसरी जाळी त्याच्या पेटीमागे घडी घालून तशीच होती. माझ्या नजरेस पडली असणार, पण गळाला हात न लावणाऱ्याला त्यात बघण्यासारखं काय दिसणार? आणि दिसलं असतं तरी पंचाने चालू शर्यतीत बोलायचं नसतं. आयुष्यभर नदीवर बसलेल्या माणसाला एक जाळी पुरते. पन्नास वर्षांत त्याची एकही जाळी साठ पौंडांच्या जवळपास गेली नव्हती. मासा धरला की हात आपोआप त्याच जाळीच्या तोंडाकडे जात होता.

शिट्टी झाली. लॉल काटा घेऊन आला, बरोबर मी आणि शेन. शेनचं आधी झालेलं: दोन जाळ्या मिळून शहात्तर पौंड. आतापर्यंत सर्वांत जास्त. डेरिकची जाळी पाण्यातून उचलायला लॉल आणि शेन दोघं लागले.

लॉलने ती काट्याला टांगली. काटा फिरला आणि चौऱ्याऐंशीवर थांबला.

"बापरे, आजोबा!" शेन म्हणाला.

लॉल काट्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "दुसरी जाळी कुठाय?"

डेरिकने मागे वळून पाहिलं. घडी घातलेली कोरडी जाळी तिथे होती. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खुंटी वाईट आली, कारखाना बंद पडला, तेव्हाही नाही.

"लॉल," तो हळू म्हणाला. "अर्धे त्या जाळीत ओत. दोन्ही साठच्या आत बसतात."

"वजन झालं, डेरिक."

"आकडा अजून मोठ्याने सांगितला नाहीस. आपणच चौघं आहोत."

लॉलने जाळीच्या कड्याला हात घातला.

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय? पन्नास वर्षांत? मासे मीच धरलेत ना? लबाडी नाही केली मी. विसरलो फक्त." मग त्याने जे म्हणायला नको होतं ते म्हटलं: "कुणी बघितलं पण नाही."

लॉलने जाळी खाली घेतली आणि मासे पाण्यात सोडले. एकेक कार्प जड शेपटी हलवत गेला. मग तो सरळ झाला. "मी बघितलं ना," तो म्हणाला. "मासे तुझे आहेत, डेरिक. वजन माझं आहे."

आणि तळ्याभोवती ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ओल्डरशॉ! शून्य!"

लॉलला त्यात आनंद झाला असता तर मला त्याचा राग धरता आला असता. ओरडून झाल्यावर तो डेरिककडे न बघता ओल्या जाळीची घडी घालत बसला. पण शब्द त्याने इतकी वर्षं जपून ठेवले होते हेही खरंच.

कप शेनला मिळाला. संध्याकाळी डेरिक पबमध्ये आला. न येणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दाराजवळ उभा राहिला. शेन भरलेला कप घेऊन उठला, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नदी. बंधाऱ्याखालचं पाणी."

"काय?" एक जण ओरडला. "वेडा झालास काय?"

"रीत म्हणजे रीत. वाद नाही," शेन म्हणाला आणि कप रिकामा केला.

डेरिक त्याच्यापाशी गेला. "मला भीक घालू नकोस, पोरा."

"भीक कसली? कप माझा आहे. मला नदी बघायचीय."

"पुलावरून दिसते ती. फुकट."

असं बोलला खरा, पण त्या हिवाळ्यात त्याने एकट्याने बंधाऱ्याखालच्या काठावरची झुडपं छाटली. कुजलेल्या खुंट्या काढून नव्या ठोकल्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने नंबर घातले. चाळीस खुंट्या. बेरिल म्हणायची, "त्याला दिवसातून दोनदा जेवायची आठवण करावी लागते. माझ्याशी मात्र बोलतो हल्ली." जूनमध्ये मासे धरायची बंदी उठून नदी खुली झाल्यावर तो रोज जाऊन पाणी बघायचा. "रोच परत येतायत," मला सांगायचा. "लहान आहेत. पण आहेत."

शर्यतीच्या सकाळी मी पिशवीत चाळीस बिल्ले घेऊन उभा होतो. सात माणसं आली. वाद घालायचा नाही ही रीत सगळ्यांनी पाळली होती. कुणी वाद घातला नाही, फक्त आलं नाही. एकाची गाडी बिघडली होती, एकाच्या मेव्हण्याचा वाढदिवस होता. त्याच दिवशी हॉलमच्या तळ्यावर दुसरी शर्यत ठेवलेली होती हे मला नंतर कळलं. लॉल मात्र काटा घेऊन आला. शेनही आला. कबूल केलं म्हणून आला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

चाळीस खुंट्यांच्या काठावर सात माणसं बसली की काठ रिकाम्याहून रिकामा दिसतो. ऊन कडक होतं, पाणी काचेसारखं. पाणकावळे बंधाऱ्यावर पंख वाळवत बसले होते. शेन पहिला तासभर उमेदीने बसला, मग फोन बघत राहिला. दुपारी दोघं जण न सांगता सामान आवरून गेले. डेरिकचं चालू होतं. चिमूटभर अळ्या, गळ. चिमूटभर अळ्या, गळ.

शिट्टी झाल्यावर लॉल काठाने निघाला. पहिली जाळी रिकामी. दुसरी रिकामी. शेनच्या जाळीत एक मासा, बोटभर. डेरिकच्या जाळीत रोच होते, आठ-दहा, सगळे लहान, स्वच्छ, लाल पंखांचे. लॉलने जाळी काट्याला लावली. काटा हललाच नाही. तळ्याचा काटा होता तो. इतकं बारीक काही मोजायला केलेलाच नव्हता.

"नुसत्या नजरेने कळतंय की," शेन म्हणाला. "आजोबा जिंकले."

"वजन व्हायला पाहिजे," डेरिक म्हणाला.

त्याचं घर बंधाऱ्यापासून जवळच होतं. मी जाऊन बेरिलला सांगितलं. ती केकचं पीठ मोजायचा स्वयंपाकघरातला काटा छातीशी धरून काठापर्यंत आली. त्यावर अजून पीठ होतं. लॉलने गुडघे टेकून ओल्या पिशवीत मासे घातले, वर ठेवले आणि सवयीने श्वास रोखून धरला. ती सवय कुणाची होती हे मी आणि डेरिक दोघंच ओळखत होतो.

"चौदा औंस," त्याने सांगितलं. मोठ्याने नाही. ऐकायला कुणी नव्हतं.

मासे नदीत गेले. बेरिल म्हणाली, "छान आहेत रे," आणि डेरिकच्या दंडाला हात लावला.

पबमध्ये मात्र माणसं होती. तळ्यावरची शर्यत संपवून आलेले सगळे होते तिथे! कपाच्या संध्याकाळी सगळ्यांनी पबमध्ये यायचं ही रीत त्यांनी मोडली नव्हती. डेरिकला बघून टाळ्या वाजल्या, पण बेताने, आजाऱ्याच्या खोलीत वाजवाव्यात तशा. आणि कप भरण्याआधीच सगळे सुरू झाले.

"पुढच्या ऑगस्टात आमच्या पोरीचं लग्न आहे बरं का, डेरिक."

"माझा गुडघा आता त्या उतारावर टिकत नाही."

"नदी सुंदर आहे, प्रश्नच नाही. बायकोला घेऊन जाईन एकदा, फिरायला."

शेन आपले बूट बघत होता.

लॉलने कप भरला आणि दोन्ही हातांनी डेरिकला दिला. डेरिक उभा राहिला. एवढ्यासाठी तो तळ्यावर शिकला होता, एवढ्यासाठी लॉलसमोर वाकला होता, चाळीस खुंट्या ठोकल्या होत्या. ठरावापुरता काठ वाचला होता; तो पुढे टिकवायला आता एकच शब्द बोलायचा होता, आणि त्या शब्दावर वाद घालायचा हक्क कुणालाही नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत होते. मी पंच म्हणून अनेक चेहरे वाचले आहेत. त्या दिवशी त्या चेहऱ्यांवर भीती होती. म्हातारा आता काय मागतो, आणि मग पुढच्या वर्षी कुठलं निमित्त सांगायचं.

डेरिकने सगळ्यांवरून नजर फिरवली. लॉलवर थांबली.

"हॉलमचं तळं," तो म्हणाला.

मग पबभर सुटलेला श्वास ऐकू आला. कुणी हसलं, कुणी बारकडे वळून ऑर्डर दिली, कुणी डेरिकच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास, म्हाताऱ्या!" आणि गलका पूर्वीसारखा झाला. लग्न, गुडघा, सगळं लोक विसरून गेले.

"डेरिक, प्यायला नाहीस तू," लॉल त्याच्या कानाशी म्हणाला. "ओठ लागले नाहीत अजून. बदल. मी येतो नदीवर. वर्षभर येतो."

"एकट्यादुकट्यासाठी खुंट्या कशाला लागतात?" डेरिक म्हणाला.

त्याने कप न पिता लॉलच्या हातात दिला आणि बेरिलच्या शेजारी बसला. टेबलावर तिचा काटा होता. खिशातून रुमाल काढून तो त्याच्या तबकडीवरचं पीठ आणि माशाचे खवले पुसत बसला, आणि काटा शून्यावर येतो की नाही हे वाकून बघत राहिला.